पाचव्या दिवसाचा रिपोर्ट

हा भाग रेडिओवर आम्ही मुद्दाम दुपारी लावला होता. सकाळी सासूबाई, दीर, पोरं सगळी घरात असतात. रेडिओचा आवाज कमी करायची पाळी आली असती. आता तो छापून तुमच्या हातात आलाय. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, नाहीतर चुलीपाशी एकटीनं वाचा, जसं जमेल तसं.

आधी आमच्या चुकीबद्दल बोलतो. मागं आम्ही एचआयव्हीवर एक छोटा भाग केला होता. त्यात शेवटी सांगितलं, "शंका आली की लगेच तपासणी करून घ्या." वाक्य खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. त्या अर्ध्या वाक्यानं एका बाईला काय झालं, ते तिच्या परवानगीनं सांगतो. नाव-गाव सांगणार नाही.

तिचा नवरा टेम्पो चालवतो, आठ-आठ दिवस बाहेर असतो. एका रात्री त्यानं स्वतःहून कबूल केलं की बाहेर एकीकडे गेलो होतो, निरोध वापरला नव्हता. कबूल केलं ते घरी येऊन दोन दिवस झाल्यावर, आणि त्या दोन दिवसांत नवरा-बायकोचा संबंध आलेला होता. बाई रात्रभर जागी. सकाळी आमचं वाक्य आठवलं. तिनं चार पैसे गाठीला बांधले, बाजाराचं निमित्त केलं आणि तालुक्याच्या एका खासगी लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. संबंध आल्यापासून तो पाचवा दिवस होता. संध्याकाळी कागद मिळाला, त्यावर 'निगेटिव्ह'. लॅबमध्ये तिला कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. तिनं कागद घडी करून ज्वारीच्या डब्यात खाली दडवला आणि सुटलो म्हणून सुस्कारा टाकला.

तीन आठवड्यांनी तिला ताप आला, घसा धरला. मग तिनं आम्हाला फोन केला. "ताई, रिपोर्ट तर नाही आलाय. मग हे काय होतंय?" आम्ही विचारलं, तपासणी कितव्या दिवशी केली होतीस? ती म्हणाली, पाचव्या. फोनवर दोन्हीकडं थोडा वेळ कुणीच बोललं नाही. त्या पाचव्या दिवसाच्या कागदाला काही अर्थ नव्हता, आणि ते आम्ही आधी सांगायला हवं होतं.

का अर्थ नव्हता, ते नीट समजून घेऊ. रात्री कोमट दुधात विरजण घालता. घातल्या घातल्या बोट बुडवून चाखलं तर काय लागतं? दूधच. विरजण आत गेलेलं असतं, काम सुरू झालेलं असतं, पण जिभेला कळत नाही. दह्यासाठी सकाळ व्हावी लागते. एचआयव्हीच्या तपासणीचं तसंच आहे. सरकारी दवाखान्यात जी चाचणी होते ती रक्तात थेट विषाणू शोधत नाही. विषाणू अंगात शिरला की आपलं शरीर त्याच्याशी लढायला जी द्रव्यं तयार करतं, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात, ती शोधते. ही प्रतिपिंडं चाचणीत दिसण्याइतकी तयार व्हायला बहुतेकांना 3 ते 12 आठवडे लागतात. या मधल्या काळाला दवाखान्यात 'विंडो पिरियड' म्हणतात. तो शब्द लक्षात ठेवा, कारण समुपदेशक ताईंच्या तोंडी तोच असतो.

म्हणून संशयाचा प्रसंग घडल्यापासून पूर्ण 3 महिने झाल्यावर केलेली तपासणी 'नाही' आली, आणि त्या 3 महिन्यांत पुन्हा तसा प्रसंग घडला नसेल, तर त्या 'नाही'वर विश्वास ठेवायचा. त्याआधीचं 'नाही' म्हणजे 'अजून दिसत नाही' एवढंच. मोठ्या लॅबमध्ये एक वेगळी चाचणी असते, ती प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा स्वतःचा एक अंशही शोधते, त्यामुळं ती साधारण 18 ते 45 दिवसांत सांगू शकते. थेट विषाणू शोधणारी आणखी महागडी चाचणीही आहे, तिला साधारण 10 ते 33 दिवस लागतात. म्हणजे कितीही पैसे मोजले तरी पाचव्या दिवशी सांगेल अशी चाचणी कुठंच नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर चपला घालून बाहेर पडा.

मग लवकर जायचंच नाही का? जायचं. हीच तर आमच्या आधीच्या भागात राहिलेली गोष्ट आहे. लगेच जायचं ते आजच्या उत्तरासाठी नाही, दुसऱ्या दोन कारणांसाठी.

पहिलं कारण 72 तासांचं. एचआयव्ही अंगात शिरल्याची शंका असेल तर तो रुजू नये म्हणून गोळ्या असतात. दवाखान्यात त्याला 'पेप' म्हणतात. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या, पहिल्या दोन तासांत मिळाल्या तर उत्तमच, पण 72 तासांच्या, म्हणजे तीन दिवसांच्या आत सुरू व्हायलाच हव्यात. नंतर त्यांचा उपयोग होत नाही. एकदा सुरू केल्या की 28 दिवस रोज घ्यायच्या, मधे सोडायच्या नाहीत. नर्सबाईला, सफाई करणाऱ्या मावशीला किंवा आशाताईला रुग्णाला टोचलेली सुई लागली, किंवा एखाद्या बाईवर, मुलीवर अत्याचार झाला, तर या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. बाकी प्रसंगांत डॉक्टर परिस्थिती बघून ठरवतात, म्हणून जाऊन विचारायला लाजू नका. आमच्या त्या मैत्रिणीला नवऱ्यानं सांगितलं तेव्हा हे तीन दिवस अजून संपायचे होते. ती त्या वेळी लॅबऐवजी सरकारी दवाखान्यात गेली असती तर निदान डॉक्टरांना विचारता आलं असतं. ही हळहळ आम्हाला अजून आहे.

सुई लागली तर काय करायचं तेही इथंच सांगतो. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालून चोखायचं नाही, वर फिनाईल किंवा ब्लीचिंगचं पाणी ओतायचं नाही. धुवायचं आणि सरळ डॉक्टरकडं जायचं. एचआयव्ही असलेल्या माणसाची सुई लागली तरी लागण होण्याचं प्रमाण हजारात सुमारे तीन एवढंच आहे, गोळ्या घेतल्या तर त्याहून कमी. पण सुईतून कावीळ-बी सुद्धा येते आणि तिचं प्रमाण यापेक्षा बरंच जास्त आहे, तेव्हा तीही विचारा.

अत्याचाराबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. पोलिसांत तक्रार झाली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. सरकारी असो की खासगी, पहिले उपचार मोफत द्यायचे हा कायदा आहे. घरच्यांचं काय करायचं, इज्जतीचं काय, याची चर्चा चौथ्या दिवशी करता येते. गोळ्या चौथ्या दिवशी सुरू करता येत नाहीत.

लगेच जायचं दुसरं कारण म्हणजे माहितीचा माणूस भेटतो. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि सिव्हिलमध्ये एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र असतं. सगळे त्याला 'आयसीटीसी' म्हणतात. काही ठिकाणी दारावर नुसता खोलीचा नंबर असतो, तेव्हा केसपेपर काढताना विचारा. पुष्कळ प्राथमिक आरोग्य केंद्रांतही पहिली तपासणी होते. तपासणी मोफत आहे. आत समुपदेशक बसतात, आधी बोलतात, तुमची संमती घेतात, मगच रक्त घेतात, आणि रिपोर्ट देताना पुन्हा बोलतात. पाचव्या दिवशी तिथं गेलात तर ते रक्त घेतील, पण 'पुन्हा कधी यायचं' ती तारीखही देतील. खासगी लॅबच्या कागदावर ती तारीख नव्हती, एवढाच फरक होता, आणि तो केवढा मोठा ठरला.

पहिल्या तपासणीत 'आहे' असं आलं तर तेवढ्यावर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. त्याच रक्ताच्या आणखी दोन वेगवेगळ्या किटवर तपासण्या होतात. तिन्ही जुळल्या तरच तो रिपोर्ट. तेव्हा गावातल्या शिबिरात एक पट्टी लाल झाली म्हणून विहीर जवळ करू नका, अशा गोष्टी घडलेल्या आम्ही ऐकल्यात.

आता तारखांचा हिशेब. इथं भल्याभल्यांचा गोंधळ होतो. नवऱ्याची तारीख वेगळी आणि बायकोची वेगळी. समजा, नवऱ्याचा बाहेरचा प्रसंग 10 जूनचा. तो घरी आला आणि 14 जूनला नवरा-बायकोचा निरोधाशिवाय संबंध आला. तर नवऱ्याचे 3 महिने 10 सप्टेंबरला भरतात, बायकोचे 14 सप्टेंबरला. पण समजा 2 जुलैला पुन्हा निरोधाशिवाय संबंध आला, तर बायकोची तारीख 2 ऑक्टोबरवर गेली. दर वेळी ती पुढं सरकते. आमच्या एका गटात हे समजावताना एक आजी म्हणाल्या, "म्हणजे बचत गटाच्या हप्त्यासारखं, एक चुकला की मुदत वाढली." आम्ही म्हटलं, आजी, अगदी तस्संच.

यात एक सोपी वाटही आहे. नवऱ्याच्या 10 सप्टेंबरनंतरच्या तपासणीत 'नाही' आलं, आणि मधे तो पुन्हा कुठं गेला नसेल, तर त्याच्यापासून बायकोला एचआयव्ही मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. जे त्याच्याकडं नाही ते तो देणार कुठून? म्हणून खरी तपासणी आधी त्याची व्हायला हवी. होतं मात्र उलटं. तो गाडी घेऊन मोकळा, आणि रक्त द्यायला बायको लपत-छपत तालुक्याला. हे आम्हाला पटत नाही, आणि रेडिओवरही आम्ही ते बोललो.

मधल्या तीन महिन्यांत निरोध लागतोच, आणि त्यामागचं कारण कळायला हवं. नुकती लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणू खूप जास्त असतो. म्हणजे चाचणी 'नाही' म्हणत असते, आणि नेमकं त्याच वेळी दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जास्त असतो. "माझा रिपोर्ट नाही आलाय, आता कशाला निरोध?" असं नवरा म्हणाला तर हे वाक्य त्याला ऐकवा. आता तुम्ही म्हणाल, ताई, तुम्हाला रेडिओवर बोलायला काय जातं! आमच्याकडं बायका सांगतात की निरोधाचं नाव काढलं की नवराच उलटा संशय घेतो. काहीजणी म्हणतात, "अंगावरून पांढरं जातंय, दवाखान्यात निरोध वापरायला सांगितलंय." आम्ही यात खोटेपणा बघत नाही. मार बसण्यापेक्षा ते बरं. समुपदेशक ताई नवऱ्याला बोलावून स्वतःही सांगू शकतात. मात्र हाणामारीची भीती असेल तर ते आधी त्यांना सांगा. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. आपल्या संमतीशिवाय तपासणी करायची नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवायचा हे त्यात आहेच. शिवाय सांगितल्यामुळं बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर तिचा रिपोर्ट दवाखान्यानं नवऱ्याला सांगायचा नाही, हेही त्यात आहे.

आता तापाचं आणि घशाचं. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गळ्याला गाठी असं होतं हे खरं. काहींना काहीच होत नाही हेही खरं. आणि पावसाळ्यात निम्म्या गावाला ताप आणि घसा असतो, त्यांना काय एचआयव्ही झालाय? लक्षणांवरून हो किंवा नाही ठरवता येत नाही, डॉक्टरलाही येत नाही. आमची मैत्रीण रोज सकाळी आरशात जीभ काढून बघायची, बगलेत गाठ चाचपायची. चाचपून चाचपून तिथं दुखायला लागलं, मग दुखतंय म्हणून आणखी भीती. काळजीनं जेवण तुटलं, वजन उतरलं, आणि वजन उतरलं म्हणजे तेच असणार असं तिनं धरून घेतलं. रात्र रात्र जागून माणूस वाळतोच की.

तिला आम्ही जे सांगितलं ते असं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेला खूण कर, नुसता एक ठिपका, कुणाला कळणार नाही. चाचणी सहा आठवड्यांनी एकदा करून बघ. तोवर पुष्कळ जणांच्या बाबतीत उत्तर दिसायला लागतं, तेव्हा 'नाही' आलं तर जिवाला बराच धीर मिळतो. आणि शेवटची तीन महिन्यांनी. दर आठवड्याला लॅबमध्ये पैसे घालू नकोस, त्यानं उत्तर लवकर येत नाही. मधल्या काळात रक्तदान करायचं नाही. एका, फक्त एकाच विश्वासाच्या माणसाला सांग; तिनं तिच्या धाकट्या बहिणीला सांगितलं. रात्री फारच घालमेल झाली तर 1097 हा एचआयव्हीचा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर 14416 लावायचा, तो मनाच्या आजारासाठीचा सरकारी नंबर आहे, तोही मोफत. तिनं तो दोनदा लावला. त्यात कमीपणा काही नाही.

ज्या मैत्रिणी गरोदर आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी सगळ्यांची होते. पण ती तिसऱ्या महिन्यात झाली, 'नाही' आली, आणि संशयाचा प्रसंग सहाव्या महिन्यात घडला, तर ते जुनं 'नाही' उपयोगाचं नाही. नर्सताईंना सांगून पुन्हा तपासून घ्या. कारण सांगायचं नसेल तर नुसतं "पुन्हा तपासा" एवढं म्हणा. उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात 15 ते 45 आहे. आईनं वेळेवर गोळ्या घेतल्या आणि बाळाला औषध मिळालं तर ते 5 च्या खाली येतं. अंगावर पाजणाऱ्या आईला शंका असेल तर तिनंही थांबू नये, दूध चालू ठेवायचं की कसं हे डॉक्टरांनाच विचारावं.

एकत्र जेवल्यानं, एका हंड्याचं पाणी प्यायल्यानं, डास चावल्यानं, कपडे धुतल्यानं एचआयव्ही होत नाही. हे तुम्ही शंभरदा ऐकलंय, म्हणून पुढं जातो. एक मात्र विचारा: इंजेक्शन देणारा नवी सुई फोडतो का? आणि जत्रेत गोंदवून घेताना एकच सुई दहाजणींच्या हातावर फिरते का? तिथं पाहिलंच पाहिजे.

आणि समजा, रिपोर्ट 'आहे' आला तर? आमच्यातल्या वयस्कर मैत्रिणींना कवटीची चित्रं काढलेले फलक आठवतात. भारतात 1986 मध्ये हा आजार पहिल्यांदा सापडला, तेव्हा औषध नव्हतं, भीती होती. 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, सुरुवातीच्या थोड्या दवाखान्यांत मुंबईचं जे. जे. होतं. आता एआरटी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. 2017 पासून नियम असा की रिपोर्ट 'आहे' आला की तब्येत बिघडायची वाट न बघता औषध सुरू करायचं. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती नेमानं घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत मोजता येत नाही, आणि तसा तो राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आजार मुळासकट जात नाही, गोळी जन्मभर घ्यावी लागते, हेही लपवायचं कारण नाही. मधुमेहवाल्या काकूही रोज घेतातच.

तपासणीला उपाशीपोटी जायचं नसतं. सकाळच्या ओपीडीच्या वेळेत जा, भाकरी खाऊन जा, आधीचा कागद असेल तर बरोबर ठेवा, आणि खोलीत गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "अमुक तारखेला प्रसंग घडला." तेवढ्यावरून पुढचा सगळा हिशेब ते करतात.

आमची मैत्रीण ठिपक्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. बहीण बरोबर होती. नवराही आला, बाहेरच्या बाकावर बसून राहिला, मग त्याचंही रक्त घेतलं. रिपोर्ट काय आले ते तिनं आम्हाला सांगितलं. आम्ही ते इथं सांगणार नाही, ते कागद त्यांचे आहेत. परवा तिचा पुन्हा फोन आला होता, थोरलीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलीय, ती कुठं दुरुस्त करून मिळते हे विचारायला. पुढच्या भागात तेच सांगणार आहोत.